‘कार्ड एरर’ म्हणजे लग्नाचे फोटो गेले का? कॅमेऱ्याचे संदेश नेमकं काय सांगतात?

आंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली आणि नेमकं त्याच क्षणी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर ‘कार्ड एरर’ अशी अक्षरं उमटली.

नांदेड असो की लातूर, लग्नसराईत फोटोग्राफरची खरी भीती हीच असते. सकाळच्या हळदीपासून नवरदेवाच्या परण्यापर्यंत काढलेले सगळे फोटो नखाएवढ्या कार्डावर असतात. लॅपटॉपवर उतरवून घ्यायला मध्ये वेळ मिळालेला नसतो आणि अक्षता पुन्हा पडणार नसतात.

अशा वेळी अनेक जण घाईत एक चूक करतात. स्क्रीनवर ‘कार्ड फॉरमॅट करा’ असा पर्याय दिसतो आणि काम पुढे नेण्यासाठी ते बटण दाबतात. प्रत्यक्षात एरर आला तेव्हा बहुतेक वेळा फोटो कार्डावरच असतात. ते जातात ते एररनंतर केलेल्या गोष्टींमुळे.

असं का होतं आणि एरर आल्यावर काय करायचं, हे समजून घेऊ.

फोटो कार्डावर असतात, तर दिसत का नाहीत?

मेमरी कार्डाचे दोन भाग आहेत, असं समजा. एका भागात प्रत्यक्ष फोटोंचा डेटा असतो. दुसऱ्या छोट्या भागात कोणता फोटो कुठे सुरू होतो, किती जागा घेतो आणि कोणती जागा रिकामी आहे, याची नोंदवही असते. तांत्रिक भाषेत तिला फाइल सिस्टीम म्हणतात. ३२ जीबीपर्यंतच्या एसडीएचसी कार्डावर साधारणपणे ‘फॅट ३२’ आणि त्याहून मोठ्या एसडीएक्ससी कार्डावर ‘एक्सफॅट’ ही पद्धत असते.

शेती आणि सातबारा यांचं उदाहरण घ्या. तलाठ्याच्या दप्तरातलं पान फाटलं तर शेत नाहीसं होत नाही. फक्त ते कुणाचं आणि कुठपर्यंत, हे कागदावरून सांगता येत नाही. कार्डाचंही तसंच आहे. नोंदवही बिघडली की कॅमेरा ‘फोटो नाहीत’ किंवा ‘कार्ड वाचता येत नाही’ असं सांगतो.

फोटो डिलीट केला किंवा नेहमीचं फॉरमॅट केलं, तरी बहुतेक वेळा नोंदच खोडली जाते. ‘ही जागा रिकामी’ असा शेरा पडतो. खरा घात होतो तो त्या जागेवर नवा फोटो लिहिला गेल्यावर. मग जुना डेटा परत मिळत नाही.

याला अपवादही आहेत. काही कॅमेऱ्यांत ‘लो लेव्हल फॉरमॅट’ असा वेगळा पर्याय असतो. त्यात कार्डावरचा डेटाच पुसला जातो. त्यामुळे ‘फॉरमॅट केलं तरी फोटो परत येतातच’ या भरवशावर राहू नये.

नोंदवही बिघडते कशामुळे?

सर्वात नेहमीचं कारण म्हणजे लिहिण्याचं काम अर्धवट तुटणं. सलग दहा-वीस फोटो काढले की कॅमेरा ते आधी स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत ठेवतो आणि मग कार्डावर उतरवतो. हे सुरू असताना कॅमेऱ्यावरचा छोटा दिवा लुकलुकतो. त्याच वेळी कार्ड ओढून काढलं किंवा बॅटरी संपली, तर नोंद अर्धी राहते.

दुसरं कारण एकच कार्ड अनेक ठिकाणी वापरण्याचं. आज कॅमेऱ्यात, उद्या ड्रोनमध्ये, परवा मोबाइलमध्ये. प्रत्येक उपकरण त्यावर आपापले फोल्डर तयार करतं. त्यात एखाद्या संगणकातला व्हायरस शिरला तर गोंधळ वाढतो.

तिसरं कारण धूळ. लग्नातली हळद असो की लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत उधळला जाणारा भंडारा, ही बारीक पूड कार्डाच्या खाचेत आणि लेन्सच्या तोंडाशी बसते. एसडी कार्डाच्या मागच्या सोनेरी पट्ट्यांवर ती बसली तर कॅमेरा आणि कार्ड यांचा संपर्क तुटतो.

उन्हाचं काय? मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. मात्र चांगल्या कंपन्यांची अनेक एसडी कार्डं ८५ अंश सेल्सिअसपर्यंतचं तापमान सोसतील अशी बनवलेली असतात. उन्हात आधी दम लागतो तो कॅमेऱ्याला. विशेषतः ४के व्हिडिओ सलग घेताना तापमानाचं चिन्ह दिसतं आणि रेकॉर्डिंग थांबतं. तेव्हा कार्ड खराब झालं असं समजू नका. कॅमेरा बंद करून सावलीत ठेवा.

कोणता संदेश काय सांगतो?

प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी असते. तरी नेहमी दिसणारे काही संदेश असे आहेत:

- कॅननमध्ये ‘एरर ०१’: कॅमेरा आणि लेन्स यांचा संपर्क नीट होत नाही. लेन्स काढून तिच्या मागच्या धातूच्या ठिपक्यांवरून कोरडं, मऊ कापड फिरवा. याचा कार्डाशी संबंध नाही.
- कॅननमध्ये ‘एरर ०२’: कार्ड वाचता येत नाही. कॅमेरा बंद करून कार्ड काढा, पुन्हा बसवा. फरक पडला नाही तर दुसरं कार्ड टाका.
- कॅननमध्ये ‘एरर ०४’: कार्ड भरलं आहे.
- कॅननमध्ये ‘एरर ९९’: याला अनेक जण घाबरतात. जुन्या मॉडेलमध्ये वेगळा क्रमांक न दिलेल्या कोणत्याही बिघाडासाठी हा आकडा येतो. कॅमेरा बंद करा, बॅटरी काढून पुन्हा बसवा, लेन्सचे ठिपके पुसा. तरीही वारंवार आला तर सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं.
- निकॉनमध्ये लुकलुकणारी ‘सीएचए’ ही अक्षरं: कार्डाशी संपर्क होत नाही.
- निकॉनमध्ये लुकलुकणारी ‘एफओआर’ ही अक्षरं: या कॅमेऱ्यासाठी कार्ड फॉरमॅट केलेलं नाही. कार्ड नवं असेल तर बेधडक फॉरमॅट करा. त्यात फोटो असतील तर मुळीच नको.
- सोनीमध्ये ‘इमेज डेटाबेस फाइल’चा संदेश: कॅमेरा स्वतःची वेगळी यादी ठेवतो, ती कार्डावरच्या फाइलींशी जुळत नाही. आधी फोटो संगणकावर उतरवा, मग दुरुस्तीचा पर्याय निवडा.
- ‘कार्ड लॉक आहे’: एसडी कार्डाच्या डाव्या कडेला सरकणारं छोटं बटण असतं. कार्ड आत घालताना ते खाली सरकतं. ते वर करा. हे बटण तुटून पडलं, तरी कॅमेरा कार्डाला लॉक समजतो.

जुना कॅमेरा, नवं कार्ड

सेकंडहँड कॅमेरा घेणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. एसडीएचसी कार्डाचा प्रकार २००६ मध्ये आला आणि एसडीएक्ससी २००९ मध्ये. त्याआधीच्या कॅमेऱ्यात ६४ जीबीचं कार्ड टाकलं की ‘हे कार्ड वापरता येत नाही’ असा संदेश येतो. कार्ड चांगलं असतं, कॅमेराही चांगला असतो. फक्त कॅमेऱ्याला ती भाषा येत नाही.

वेगाचंही तसंच. कार्डावर ‘यू ३’ किंवा ‘व्ही ३०’ लिहिलं असेल तर ते सेकंदाला किमान ३० एमबी लिहू शकतं. ‘क्लास १०’ किंवा ‘यू १’ म्हणजे किमान १० एमबी. संथ कार्डावर ४के व्हिडिओ घेतला तर रेकॉर्डिंग आपोआप थांबू शकतं.

आणि मंगलाष्टकांचा सलग घेतलेला व्हिडिओ तीन-चार तुकड्यांत दिसला तर घाबरू नका. फॅट ३२ पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून कॅमेरा पुढचा भाग नव्या फाइलमध्ये ठेवतो.

एरर आला, आता काय करायचं?

१. त्या कार्डावर शूटिंग थांबवा. एकही नवा फोटो नको. कॅमेरा बंद करा, लुकलुकणारा दिवा विझू द्या, मग कार्ड काढा.

२. दुसरं कार्ड टाका. ते चाललं तर दोष बहुधा पहिल्या कार्डात आहे. तेही चाललं नाही तर दोष कॅमेऱ्यात किंवा कार्डाच्या खाचेत असण्याची शक्यता जास्त.

३. पहिलं कार्ड लॉक करा. कडेचं बटण खाली सरकवा, म्हणजे चुकून त्यावर काही लिहिलं जाणार नाही. मागच्या पट्ट्या कोरड्या कापडानं हलकेच पुसा.

४. कार्ड रीडरमधून संगणकावर पाहा. एका रीडरमध्ये दिसलं नाही तर दुसरा वापरून बघा. कधी कधी दोष रीडरमध्येच असतो. विंडोजनं ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असं विचारलं तर ‘कॅन्सल’ दाबा. ‘स्कॅन अँड रिपेअर’सुद्धा लगेच नको, कारण त्यातही नोंदवहीत बदल होतात.

५. फोटो परत मिळवणारं सॉफ्टवेअर वापरा. ‘फोटोरेक’ हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी प्रसिद्ध आहे. ते बिघडलेल्या नोंदवहीकडे बघतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठराविक खुणेनं होते. ती खूण शोधत सॉफ्टवेअर कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळतं. त्यामुळे फोटो मिळतात, पण त्यांची मूळ नावं मिळत नाहीत. व्हिडिओ परत मिळवणं जास्त अवघड असतं, कारण मोठ्या फाइलचे तुकडे कार्डावर विखुरलेले असू शकतात.

इथे एक नियम पाळायलाच हवा. सापडलेले फोटो त्याच कार्डावर सेव्ह करायचे नाहीत. ते संगणकावर किंवा वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या.

६. कार्ड कुठेच ओळखलं जात नसेल तर घरगुती प्रयोग थांबवा. अशा कार्डातली चिप वाचण्यासाठी खास यंत्रं लागतात. हे काम करणाऱ्या लॅब प्रामुख्यानं मोठ्या शहरांत असतात. खर्च बराच येतो आणि यशाची खात्री नसते. आधी अंदाज विचारून मगच कार्ड पाठवा.

फोटो मिळाले तरी एकदा दगा दिलेलं कार्ड पुन्हा लग्नाला नेऊ नये.

बनावट कार्ड कसं ओळखायचं?

निम्म्या किमतीत १२८ जीबीचं कार्ड मिळत असेल तर सावध व्हा. बनावट कार्डात आतली जागा १६ किंवा ३२ जीबी असते, पण ते संगणकाला १२८ सांगतं. खरी जागा भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. पुढचे फोटो काढले जातात, यादीत दिसतात, पण उघडत नाहीत. म्हणजे सकाळची हळद नीट आणि संध्याकाळची पाठवणी गायब!

उपाय सोपा आहे. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि मॅक किंवा लिनक्सवर ‘एफ३’ ही मोफत सॉफ्टवेअर कार्ड पूर्ण भरून, पुन्हा वाचून खरी जागा दाखवतात. कार्ड दुकानातून घ्या की ऑनलाइन, पहिल्या ऑर्डरआधी ही चाचणी करा.

ग्राहकांनी काय विचारावं?

फोटोग्राफर ठरवताना आपण अल्बमची पानं आणि ड्रोनचे पैसे विचारतो. आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत. कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय आहे का आणि फोटो एकाच वेळी दोन्हींवर उतरतात का? लग्नाच्या रात्रीच फोटोंची दुसरी प्रत होते का? आणि अल्बम हाती येईपर्यंत मूळ फोटो जपून ठेवले जातात का? उत्तरं ऑर्डरच्या पावतीवर लिहून घ्या.

पैसे देऊनही फोटो मिळाले नाहीत, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतली त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी साधारण दोन वर्षांची मुदत असते. पावती आणि मेसेज जपून ठेवलेले असतील तर बाजू मांडणं सोपं जातं. पण भरपाई मिळाली तरी लग्नाचा दिवस परत मिळत नाही.

म्हणूनच फोटोग्राफरसाठी सगळ्यात स्वस्त विमा म्हणजे खिशातलं एक जादा कार्ड. एका मोठ्या कार्डाऐवजी दोन-तीन लहान कार्डं वापरा. हळदीचं वेगळं, लग्नाचं वेगळं. प्रत्येक कार्ड कामाच्या आधी, जुने फोटो दोन ठिकाणी उतरवल्याची खात्री करून, त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करा. मग मंगलाष्टकांच्या मध्येच एरर आला, तरी ते कार्ड काढून खिशात जपून ठेवायचं, दुसरं टाकायचं आणि काम सुरू ठेवायचं. पहिल्या कार्डाचं काय करायचं, ते पाठवणी झाल्यावर शांतपणे बघता येतं.