लेकराची खाज आणि मेडिकलवरची ट्यूब

थंडी पडली की वस्तीत फिरताना आम्हाला घराघरात एकच तक्रार ऐकू येते. लेकरू रात्रभर खाजवते. गाल खरबरीत झालेले, कोपराच्या आतल्या घडीत आणि गुडघ्यामागे कातडी जाड, काळपट. हा इसब. पुस्तकातल्या चित्रात त्याचे चट्टे लाल असतात, पण आपल्या सावळ्या कातडीवर ते काळपट किंवा राखाडी दिसतात. आईला वाटते मळ बसलाय, आणि ती घासणी घेऊन बसते. घासल्याने इसब वाढतो.

इसबात कातडी गिलावा उडालेल्या भिंतीसारखी होते. आतला ओलावा निघून जातो. बाहेरून साबण, धूळ, घाम आत शिरून आग करतात. म्हणून खरे औषध म्हणजे तो गिलावा रोज लावणे. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत अंघोळ उरका, त्याला एक बादली पुरते. साबण कमी, डेटॉल नको, बेसन नको. अंग टिपून घ्या आणि ओलसर असतानाच साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल सगळ्या अंगाला लावा. रात्री झोपताना पुन्हा. चट्टे गेले तरी थांबू नका. एक जपा: जेली मुरलेले कपडे लवकर पेट घेतात, असे लेकरू चुलीजवळ बसवू नका.

मेडिकलवर "खाजेवर काहीतरी द्या" म्हटले की बऱ्याचदा तीन-चार औषधे एकत्र केलेली ट्यूब हातात पडते. तिच्यात क्लोबेटासोलसारखे जोरदार स्टेरॉइड असते. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून शेजारीणही तीच आणते. महिनोन्महिने लावली तर कातडी पातळ होते, रेघा उमटतात, आणि लहान बाळाच्या अंगात औषध मुरून वाढीवरही परिणाम होऊ शकतो. गजकर्णावर लावली तर वरून बरे वाटते, पण बुरशी पसरतच राहते. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची १४ मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. कागदावर! दुकानात काय चालते ते तुम्हीही पाहता.

म्हणून स्टेरॉइडला घाबरून डॉक्टरने दिलेले सौम्य मलमही फेकून देऊ नका. सांगितले तेवढे दिवस लावा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर काढलेली एक रेघ, बोटांसह दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते.

पथ्याचे काय? वांगे, सुकट, अंडे बंद, असे घरातली जाणती माणसे सांगतात. एखादा पदार्थ खाल्ल्यावर लगेच अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील तर तो डॉक्टरला सांगा. एरवी आधीच वजन कमी असलेल्या पोराचे अंडे तोडून इसब जात नाही, लेकरू मात्र खंगते. गालावरचे पांढरट, कोरडे डागही बहुधा जंतांचे नसतात आणि कोडही नसते. तेल-जेलीने हळूहळू, काही महिन्यांत जातात.

इसब एकाचा दुसऱ्याला होत नाही. तरी अंगणवाडीत असे लेकरू वेगळे बसवलेले, त्याचे ताट बाजूला ठेवलेले आम्ही पाहिले आहे. शिवायचे नाही म्हणून बाजूला बसवणे काय असते, हे आपल्या माणसांना कोणी समजावून सांगायला नको. बाईंना भेटून सांगा. ऐकत नसतील तर डॉक्टरकडून लिहून आणा.

पसरते ती खरूज. बोटांच्या बेचक्यात पुळ्या, रात्री जास्त खाज, आणि घरात दोघातिघांना एकदम. तेव्हा सगळ्या घराने एकाच दिवशी औषध लावायचे असते, नाहीतर ती घरातच फिरत राहते. शंका असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा, मेडिकलवाल्याला नको.

इसबावर पिवळी खपली धरली, पू आला, ताप आला, किंवा दुखणाऱ्या बारीक फोडांचा घोस अचानक उठला, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी लेकराला घेऊन दवाखाना गाठा.