अर्धवट सोडलेली मोहीम

परळी वैजनाथला भाच्याकडे गेलो, तर त्याच्या लॅपटॉपवर ‘विचर ३’ हा रोल-प्लेइंग गेम धूळ खात पडलेला. चाळीस तास खेळून झालेले, पण कथा अर्ध्यावरच. "मामा, आता सोडवत नाही अन् खेळवतही नाही," तो म्हणाला.

सोडवत का नाही? १९८५मध्ये हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी नाटकांच्या हंगामी तिकिटांवर प्रयोग केला. काहींना तिकीट पूर्ण किमतीत मिळालं, काहींना सवलतीत. नाटकं तीच, तरी पूर्ण पैसे मोजलेले प्रेक्षक हंगामाच्या पहिल्या सहामाहीत जास्त वेळा आले. गेलेला पैसा परत येत नसतो, तरी तो आपल्याला ओढत राहतो. रोल-प्लेइंग गेममध्ये पैशाच्या जागी तास असतात. पात्राची पातळी, तलवार, चिलखत हे सगळं त्या तासांतूनच कमावलेलं.

आणि खेळवत का नाही? परीक्षेमुळे महिनाभर खंड पडला. परतल्यावर कोणतं बटण कशाचं, कुणाला काय वचन दिलं होतं, काहीच आठवेना. बुद्धिबळात पट समोर मांडलेला असतो. इथे अर्धा डाव खेळणाऱ्याच्या डोक्यात, आणि तोच पुसलेला.

अर्धवट गोष्टींची परळीकरांना सवय आहेच म्हणा. अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वेमार्ग १९९०च्या दशकात मंजूर झाला, पण पुढची कित्येक वर्षं रखडला. रूळ निदान गावाच्या कामाचे. भाच्याच्या मोहिमेवाचून कुणाचं काय अडलंय? त्याने त्याच संध्याकाळी गेम काढून टाकला. सेव्ह फाइल मात्र पेनड्राइव्हवर ठेवली.