फिरत्या शीतयंत्राची निवड

उष्णता नष्ट करता येत नाही. ती एका जागेहून दुसऱ्या जागी नेता येते, एवढेच. म्हणून घरात कोठेही हलविता येणारे शीतयंत्र घेताना पहिला प्रश्न असा विचारावा, की ते खोलीतील उष्णता कोठे टाकते?

कूलर हा वाळ्याच्या ओल्या पडद्याच्याच तत्त्वावर चालतो. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. नागपूर किंवा दिल्ली येथील कोरड्या उन्हाळ्यात, खिडकी उघडी असल्यास, कूलर उत्तम गारवा देतो. मुंबई किंवा चेन्नई येथील दमट हवेत मात्र पाण्याची वाफ सावकाश होते. तेथे गारवा थोडा आणि ओलावाच फार.

वातानुकूलन यंत्र हवेतील ओलावाही काढून घेते. परंतु त्यास उष्णता बाहेर सोडणारी नळी अवश्य लागते. ती खिडकीबाहेर न काढल्यास खोली उलट अधिकच तापते. 'नळीविना वातानुकूलन' म्हणून विकले जाणारे यंत्र बहुधा कूलरच असते.

एकनळी यंत्र खोलीतीलच हवा तापवून बाहेर फेकते. तिची जागा घेण्यास फटींतून बाहेरची उष्ण हवा आत शिरते व गारव्याचा काही भाग वाया जातो. दुनळी यंत्र एका नळीने बाहेरची हवा घेऊन दुसरीने ती बाहेरच सोडते. खोलीतील हवा खर्ची पडत नाही.

तात्पर्य, कोरड्या प्रदेशात कूलर पुरेसा होय. दमट प्रदेशात दुनळी यंत्र श्रेयस्कर.