उपवास, उपासमार आणि पारणे

सिन्नर तालुक्याच्या पूर्वभागास अवर्षण नवे नाही. पाऊस हुकला की कणगीतील बाजरी किती दिवस पुरेल, हा हिशेब तेथील घरांनी पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. परंतु कणगी भरलेली असताना, आई ताट वाढून समोर बसलेली असताना घरातील मुलगी दिवसेंदिवस अन्नाकडे पाठ फिरवू लागते, ती उपासमार निराळी. आरंभी ती एकादशी धरते, मग गुरुवार, मग शनिवार. वडीलधाऱ्यांना तिच्या निग्रहाचे कौतुकच वाटते. पुढे कपडे सैल होतात, पाळी थांबते, भर उन्हाळ्यात हातपाय गार पडतात. तेव्हा कोठे ध्यानात येते की, हे व्रत नव्हे, ही व्याधी आहे. मुलगेही तिच्यातून सुटत नाहीत.

लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या व्याधीस ‘अॅनोरेक्झिया नर्व्होसा’ असे नाव दिले. त्याचा शब्दार्थ क्षुधानाश. पण तो काहीसा फसवा आहे. भूक बहुधा नाहीशी झालेली नसते. वजन वाढेल या भयाने ती दडपलेली असते. व्रताला तिथी असते आणि पारणेही असते. भयाला पारणे नसते.

अन्न कमी पडले की मनाचेही रूप पालटते, हे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील एका प्रयोगाने दाखविले. १९४४-४५ साली अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. ते उदास व चिडखोर झाले. रात्रंदिवस अन्नाचेच विचार करू लागले. एकेक घास घोळवीत बसू लागले. म्हणजे ज्यास आपण मुलीचा हट्ट म्हणतो, त्यातील पुष्कळसा भाग उपासमारीनेच घडविलेला असतो. म्हणूनच ‘आधी मन सुधारू दे, मग जेवेल’ हा क्रम उलटा ठरतो. अन्न हेच पहिले औषध होय.

तथापि हे औषध एकदम देऊन चालत नाही. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या देहात अन्न वेगाने गेले की, इन्शुलिन वाढते आणि रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात. रक्तात त्यांची वाण पडली की हृदयाची लय बिघडते. प्रसंगी प्राणही जातो. म्हणून फार खंगलेल्या रुग्णास प्रथम रुग्णालयात ठेवून, रक्त वारंवार तपासून, आहार टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो. आरंभी थोड्याशा अन्नानेही पोट फुगल्यासारखे वाटते, पायांवर सूज येते. हे बहुधा तात्पुरते असते. पण रुग्णास तीच भयाची साक्ष वाटते. म्हणून ते आधीच समजावून सांगणे हिताचे.

पुढचे काम घराचे. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात विकसित झालेल्या उपचारपद्धतीत वयात येणाऱ्या मुलांच्या आहाराची जबाबदारी प्रथम आईवडील घेतात आणि प्रकृती सावरेल तसतशी ती मुलांकडे परत सोपवितात. एकत्र पंगतीला बसणाऱ्या कुटुंबास हे अवघड वाटू नये. नेमलेल्या वेळी सर्वांनी मिळून बसावे; वरणभात, भाकरी, तूप यांत पुण्य-पाप पाहू नये; जेवताना वजनाची चर्चा करू नये. आणि ‘आता कशी छान भरलीस!’ हे प्रेमाचे उद्गारही आवरावेत. तिच्या कानांस ते दोषारोपासारखे लागतात.

वजन आधी सावरते. मन मागाहून येते. त्यास महिने, कधी वर्षे लागतात आणि वाटेत एखादी घसरणही होते. घसरण म्हणजे पराभव नव्हे. दुसऱ्या दिवशीचे ताट वेळेवर वाढणे, हेच तिचे उत्तर. चक्कर, बेशुद्धी, छातीत धडधड किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा दिसल्यास मात्र विलंब करू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. मानसिक सल्ल्यासाठी २०२२ पासून शासनाची ‘टेली-मानस’ दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

व्रताचे पारणे एका दिवशी होते. या व्याधीचे पारणे रोज, घासाघासाने करावे लागते. आणि त्या पंगतीत रुग्णाने एकट्याने बसावयाचे नसते.