एक कादंबरी आणि आपली वाडी

श्रोतेहो, आणि विशेषेकरून खेड्यापाड्यांतल्या शिक्षक बंधुभगिनींनो,

कादंबरी म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? राजवाडे, लढाया, नाही तर पुण्या-मुंबईकडची माणसे. आपल्या वाडीवर लिहिण्यासारखे काय असणार? पाऊस पडला तर पेरणी, नाही पडला तर वणवण. असे पुष्कळांना वाटते, आणि म्हणूनच लिहायची हौस असलेला मास्तरही दूरदूरचे विषय शोधत बसतो. आज आपण एका लेखकाच्या एका कादंबरीकडे पाहू. ती सबंध कादंबरी उभी आहे एका धनगरवाडीवर आणि तिथे आलेल्या एका तरुण मास्तरावर.

ही कादंबरी म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. ती 1955 साली पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा लेखकाचे वय होते अवघे अठ्ठावीस. 1927 साली माणदेशातल्या माडगुळे गावी त्यांचा जन्म झाला. हे गाव तेव्हा औंध संस्थानात होते, आज ते सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात आहे. मुलूख कमी पावसाचा, माळरानाचा, मेंढरांचा. माडगूळकरांचे शाळेतले शिक्षण अर्धवट राहिले. बेचाळीसच्या चळवळीत ते ओढले गेले. लहान वयातच खेड्यातल्या शाळेत त्यांनी काही काळ मास्तरकी केली. पदवी नव्हती, पण नजर होती. चित्रकलेची त्यांना मनापासून ओढ होती. चित्र काढणाऱ्याला माणूस नीट न्याहाळावाच लागतो. तो बसतो कसा, घोंगडी खांद्यावर कशी टाकतो, बोलताना नजर कुठे ठेवतो, हे पाहिल्यावाचून रेघ ओढता येत नाही. ही सवय त्यांच्या लेखणीत उतरली.

आता कादंबरीत घडते काय, ते थोडक्यात सांगतो. राजाराम सौंदणीकर नावाचा पोरगेलासा मास्तर बनगरवाडीच्या शाळेवर येतो. येऊन पाहतो तो शाळेत पोरेच नाहीत. असणार कशी? ती मेंढरांमागे रानात! वाडीचा म्हातारा कारभारी मनावर घेतो, तेव्हा कुठे शाळा भरू लागते. मग हळूहळू मास्तर वाडीचा होतो. कुणाचा कागद वाचून दाखव, कुणाचे तालुक्याचे काम करून ये, कुणाचे भांडण ऐकून घे. हे काम तुमच्यापैकी कितीजणांनी केले असेल, ते तुम्हांलाच ठाऊक! भुरट्या चोऱ्या करणारा आनंदा रामोशी तिथे भेटतो. बैल गेला म्हणून स्वतः औताला खांदा देणारी शेकूची बायको भेटते. मास्तरांच्या पुढाकाराने वाडी तालीम बांधते आणि तिच्यासाठी संस्थानचे राजेसाहेब वाडीवर येतात. आणि मग दुष्काळ पडतो. चारा नाही, पाणी नाही. माणसे मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते आणि मास्तरही तिथून निघतो.

एवढेच कथानक. खलनायकाचा पाडाव नाही, शेवटी लग्न नाही. मग यात लोकांना इतके काय भावले? 1958 साली तिचे इंग्रजी भाषांतर झाले, 1995 साली अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट काढला, आणि आजही ती वाचली जाते. याची कारणे नीट पाहिली, तर नव्याने लिहू पाहणाऱ्याला त्यांतच धडा सापडतो.

पहिली गोष्ट अशी की, माडगूळकर एकदम कादंबरीकडे वळले नाहीत. आधी त्यांनी सुटी सुटी माणसे लिहिली. ‘माणदेशी माणसं’ हे त्यांचे पुस्तक 1949 सालचे. पैलवानाला थेट फडात उतरवत नाहीत, आधी तालमीत घाम गाळून घेतात, तसेच हे.

दुसरी गोष्ट अंतराची. मास्तरकी आणि कादंबरी यांच्यामध्ये काही वर्षे गेली. डोळ्यांसमोरचा राग, कीव, कौतुक निवळायला वेळ लागतो. गढूळ पाणी घागरीत थोडे थांबू द्यावे, मग वरचे प्यावे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, आणि आपणां शिक्षकांना तर फारच अवघड! ती म्हणजे उपदेश न करणे. बनगरवाडीचा मास्तर वाडीचा उद्धारकर्ता नाही. तो शिकवतो, तसा शिकतोही. धनगर अडाणी आहेत म्हणून लेखक त्यांना हसत नाही, आणि भोळे आहेत म्हणून त्यांना डोक्यावरही घेत नाही. वाक्ये लहान, शब्द रोजच्या वापरातले. माणसे मात्र आपल्या माणदेशी बोलीत बोलतात.

याच माडगूळकरांनी पुढे आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचे काम अनेक वर्षे केले. खेडुतांशी खेडुतांच्या भाषेत बोलायचे, हे त्यांना मुळातच साधलेले होते.

तर मग मास्तर, तुम्ही काय कराल? एक वही घाला. शाळेच्या हजेरीबुकात पोरांची नावे असतात, या वहीत माणसे असू द्या. आठवड्याला एकच माणूस घ्या. त्याचे तोंडचे शब्द, त्याचे काम, त्याची एखादी लकब लिहा. ‘तो फार प्रेमळ होता’ असे लिहू नका, त्याने काय केले ते लिहा. लिहिलेले मोठ्याने वाचून पाहा. जीभ जिथे अडखळेल, तिथे वाक्य चुकले असे समजा. खऱ्या माणसावर लिहिताना त्याची अब्रू आपल्या हाती असते, याचेही भान ठेवा. आणि छापण्याची घाई करू नका.

यातून प्रत्येकाची कादंबरी होईल असे नाही, व्हायलाच हवी असेही नाही. पण वाड्या उठतात, माणसे जगायला दूर जातात, म्हातारी खोडे एकेक करून मागे पडतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे बोलणेही जाते. बनगरवाडीची माणसे पांगली, तरी पुस्तकात ती अजून नांदताहेत. तुमच्या वाडीचे कारभारी, आनंदा आणि शेकू कुणाच्या वहीत आहेत? वाडीवर लिहितावाचता असलेला माणूस पुष्कळदा मास्तरच असतो. त्याने नाही लिहायचे, तर कुणी?