युगांडा रेल्वेची तार

पूर्व आफ्रिकेतील मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवराच्या काठापर्यंत ब्रिटिशांनी १८९६ ते १९०१ या काळात बांधलेल्या युगांडा रेल्वेविषयी लिहिताना त्सावोच्या नरभक्षक सिंहांचा उल्लेख हटकून होतो. रुळांच्या काठाने गेलेल्या तारेचा मात्र क्वचितच होतो. वास्तविक, तारेवाचून तो लोहमार्ग बांधणे अतिशय अवघड आणि चालवणे जवळजवळ अशक्य होते.

तारेवाचून राज्यकारभाराची काय अवस्था होत असे, हे १८९७ मध्ये दिसून आले. त्या वर्षी युगांडातील सुदानी शिपायांनी बंड केले, तेव्हा झांझिबार बंदर समुद्राखालच्या तारेने एडनमार्गे उर्वरित जगाशी जोडले जाऊन अठरा वर्षे झाली होती. पण बंडाची वार्ता युगांडातून किनाऱ्याकडे धाडण्यासाठी जासुदांच्या पायांवाचून दुसरे साधन नव्हते. बंड मोडण्यासाठी अखेर बाँबे इन्फन्ट्रीची बलुची पलटण भारतातून न्यावी लागली.

मुख्य अभियंता जॉर्ज व्हाइटहाउस यांच्या देखरेखीखाली बांधलेला हा लोहमार्ग अनेक अर्थांनी भारतीय रेल्वेचीच शाखा शोभावा असा होता. रूळ भारतातील अनेक मार्गांप्रमाणे मीटर गेजचे होते, काही इंजिने भारतात वापरून झालेली होती, आणि सुमारे ३२,००० मजूर करारावर भारतातून, मुख्यतः पंजाबातून, नेलेले होते. त्यांपैकी सुमारे २,५०० जण तेथेच मृत्यू पावले. पुढे स्टेशने आणि कचेऱ्या चालवण्यासाठी जे बाबू लागले त्यांत गोवेकरांचा भरणा मोठा होता.

अशा मार्गावरील तारेची रचना पाहिली तर ती वरवर अगदी साधी वाटते. ठरावीक अंतरावर खड्डे खणून खांब उभे करायचे, खांबाच्या माथ्यावर चिनी मातीचा इन्सुलेटर, म्हणजे वीज खांबात उतरू न देणारी उपडी वाटी, बसवायची, आणि वेटोळ्यातून सोडलेली तार ताणून त्या वाटीच्या गळ्याशी बारीक तारेने घट्ट बांधायची. वाटी उपडी असण्याचे कारण असे, की धो-धो पावसातही तिची आतली बाजू कोरडी राहते आणि ओल्या पृष्ठभागावरून वीज पाझरत खांबावाटे जमिनीत निघून जात नाही. जाण्यासाठी एक व येण्यासाठी एक अशा दोन तारांची गरज नसे. परतीचा प्रवाह जमिनीतूनच येत असल्यामुळे एका तारेवर भागत असे. त्या काळी आफ्रिकेत लाकडी खांबांना वाळवीचा धोका असे, म्हणून खर्च जास्त असूनही अनेक ठिकाणी लोखंडी खांब पसंत केले जात. जिराफांचे मात्र कोणालाच काही करता आले नाही, कारण चालता चालता तार त्यांच्या मानेत अडकून तुटणे ही पूर्व आफ्रिकेतील तारखात्याची नित्याचीच डोकेदुखी होती.

मार्ग एकेरी असल्यामुळे समोरासमोरच्या दोन गाड्या एकाच वेळी त्याच टप्प्यात शिरणार नाहीत, याची हमी तारेनेच द्यायची असे. एका स्टेशनाने पुढच्या स्टेशनाला विचारायचे, तेथून ‘लाइन क्लिअर’ आल्यावरच गाडी सोडायची, असा हा शिरस्ता. तार तुटली की तारमास्तरासमोरचा कडकट्ट थांबे आणि गाड्या जागच्या जागी अडकून पडत. सिंह फलाटावर आल्याच्या आणि मदत मागणाऱ्या तारा स्टेशनमास्तरांनी खरोखरच पाठवलेल्या होत्या. त्यांतील इंग्रजीची साहेबलोकांनी पुढे बरीच थट्टा केली, पण रानात एकटे बसून ती तार ठोकण्याची पाळी थट्टा करणाऱ्यांवर आलेली नव्हती.

तारेला खरे आव्हान मिळाले ते पश्चिमेकडील नांदी लोकांकडून. सरोवराकडे उतरताना लोहमार्ग न्यान्डोच्या खोऱ्यातून, नांदी डोंगरकड्याच्या पायथ्याने जातो. या लोकांनी तार कापून तिचे दागिने केले आणि रुळांचे बोल्ट काढून त्यांची हत्यारे घडवली. सरकारी दप्तरात याची नोंद चोरी म्हणून झाली. पण रेल्वे येण्यापूर्वी या प्रदेशातील व्यापारात धातूची तार हेच एक प्रमुख चलन होते, ही गोष्ट त्या नोंदी फारशा ध्यानात घेत नाहीत. किनाऱ्यावरून आत जाणारे काफिले तारेची वेटोळी, मणी आणि कापड वाहून नेत, त्यांच्या मोबदल्यात धान्य घेत, आणि वाटेतील प्रमुखांना ‘होंगो’, म्हणजे वाटकर, त्याच रूपात देत. एखाद्या गावाच्या शिवारातून कोणी चांदीचे तोडे मैलोन्‌मैल टांगत न्यावेत आणि गावाला मात्र काहीच देऊ नये, तसा हा प्रकार होता. नांदींचा प्रदेश विचारल्यावाचून ओलांडला जात असताना त्यांनी ती तार उतरवून घेतली, यात लोभ होता तसा हक्काचा दावाही होता आणि परकी सत्ता नेमकी कोठे दुखावते याची जाणही असावी. निव्वळ चोरीसाठी कोणी दहा वर्षे झुंजत नाही.

सरकारने १८९५ पासून नांदींवर एकामागून एक पाच मोहिमा काढल्या. अखेर १९ ऑक्टोबर १९०५ रोजी त्यांचे धर्मप्रमुख कोइतालेल आराप सामोए यांना वाटाघाटीसाठी भेटण्याच्या मिषाने बोलावण्यात आले आणि कर्नल पदापर्यंत पुढे चढलेल्या रिचर्ड माइनर्टझहॅगन या अधिकाऱ्याने त्यांना तेथेच गोळी घालून ठार केले. आपण स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असे त्याचे म्हणणे होते. विश्वासघाताच्या आरोपावरून त्याची चौकशी झाली, तो निर्दोष ठरला, पण त्याला पूर्व आफ्रिकेतून हलवण्यात आले. नांदींचा प्रतिकार मोडल्यावर लोहमार्गाजवळ राहणाऱ्या त्यांच्या कुळांना तेथून उठवून मार्गापासून दूर, उत्तरेकडील राखीव प्रदेशात नेण्यात आले, आणि मोकळ्या झालेल्या जमिनींपैकी काही पुढे गोऱ्या वसाहतवाल्यांना देण्यात आल्या.