कोलंबोच्या कमाईवर

लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी, हार्टफर्डमध्ये राज्याच्या अर्थसंकल्प विभागात बऱ्यापैकी नोकरी. असं सगळं जागच्या जागी असताना पीटर फॉक तिशीच्या उंबरठ्यावर नोकरीला रामराम ठोकून न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आला. तोही एका डोळ्यानिशी. तीन वर्षांचा असताना कर्करोगामुळे त्याचा उजवा डोळा काढावा लागला होता; त्या जागी काचेचा बसवलेला. हॉलिवूडच्या कोलंबिया स्टुडिओने त्याच डोळ्यावर बोट ठेवून त्याला परत पाठवलं.

पण 1960च्या ‘मर्डर, इन्कॉर्पोरेटेड’मध्ये त्याने रंगवलेला भाडोत्री मारेकरी एब रेलेस असा काही जमला, की थेट सहाय्यक अभिनेत्याच्या ऑस्करचं नामांकन मिळालं. पुढच्याच वर्षी फ्रँक काप्राच्या ‘पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स’साठी दुसरं. बाहुली दोन्ही वेळा दुसऱ्याच कुणाच्या घरी गेली.

मग 1968मध्ये ‘कोलंबो’ आला. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकद्वयीच्या डिटेक्टिव्हसाठी आधी बिंग क्रॉस्बीचा विचार झाला होता, हे आज ऐकायलाही विचित्र वाटतं. 1971पासून एनबीसीवर मालिका सुरू झाली. तिचा पहिला भाग चोवीस वर्षांच्या स्टीव्हन स्पीलबर्गने दिग्दर्शित केला. खून कुणी केला हे इथे सुरुवातीलाच दाखवून टाकतात. म्हणजे रहस्यावरची भिस्तच गेली. उरला तो फक्त नट. चुरगळलेला रेनकोट (फॉकचा स्वतःचाच), खटारा प्यूजो, खिशात हरवलेली पेन्सिल. कोलंबो निरोप घेतो, दारापर्यंत जातो, कपाळावर हात ठेवून थबकतो आणि वळून आणखी एक किरकोळ प्रश्न विचारतो. मजा त्या प्रश्नापेक्षा समोरच्या बड्या माणसाच्या चेहऱ्यात आहे: आधी तुच्छता, मग वैताग, शेवटी भीती. स्वतः बावळट दिसून दुसऱ्याचा चेहरा उजेडात आणायचा, ही फॉकची खरी करामत. या भूमिकेने त्याला चार एमी मिळवून दिले.

आणि पैसा. त्याने तो कुठे घातला, हे त्याच्या कारकिर्दीतलं सर्वांत रोचक प्रकरण आहे. दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेट्स हा त्याचा दोस्त. ‘कोलंबो’च्या एका भागात तो खुनी संगीतसंचालकही झाला होता. त्याच्या ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’ला कुठलाच स्टुडिओ पैसे देईना. कॅसाव्हेट्सने घर गहाण टाकलं, फॉकने पदरचे पाच लाख डॉलर घातले आणि भूमिकाही केली. निक हा बांधकाम कामगारांचा मुकादम. रात्रभर राबलेल्या टोळीला तो सकाळी घरी आणतो, बायको मेबल सगळ्यांना स्पॅगेटी वाढते. कुणी गातं, हशा पिकतो. मग मेबल एका लाजऱ्या कामगाराला नाचायला उठवू पाहते आणि निक अचानक तिच्यावर ओरडतो. टेबलावर एकदम शांतता पसरते. त्या ओरडण्यात राग आहे, लाज आहे, बायकोवरचं प्रेमही आहे, आणि यातलं काहीच निकला उलगडून सांगता येत नाही. कोलंबोला सगळं कळत असतं. निकला काहीच कळत नाही. 1974 साली दोघेही फॉकच्याच अंगात होते! जीना रोलंड्सच्या मेबलची स्तुती रास्तच, पण तिच्यासमोरच्या या माणसाची दखल निम्मीही घेतली गेली नाही.

1979चा ‘द इन-लॉज’ पोट धरून हसवणारा. 1987 साली ‘द प्रिन्सेस ब्राइड’मध्ये तो आजारी नातवाला गोष्ट वाचून दाखवणारा आजोबा झाला, तर विम वेंडर्सच्या ‘विंग्ज ऑफ डिझायर’मध्ये बर्लिनला चित्रीकरणासाठी आलेला पीटर फॉकच. तिथे रस्त्यातली पोरं त्याच्याकडे बघून हा कोलंबो का म्हणून कुजबुजतात आणि असल्या कोटात कोलंबो कसा असेल, असं स्वतःच ठरवून पुढे जातात.

1989मध्ये एबीसीने मालिका पुन्हा उभी केली. नंतरचे काही भाग ओढूनताणून लांबवलेले आहेत, हे चाहतेही मान्य करतात. शेवटचा भाग 2003 साली दाखवला गेला, तेव्हा फॉक पंचाहत्तर वर्षांचा होता.